एक घड्याळ आणि हौसाबाईचं साडेनऊ लिटर

माझी आई शेजारणींना अभिमानानं सांगायची, "आमची प्रज्ञा केडगावला ड्रायव्हर लिहिते." ड्रायव्हर गाडी चालवतो, हॉर्न वाजवतो, फार तर भांडतो, पण तो लिहायचा कसा, हे कोडं नेवाशातल्या आमच्या गल्लीला बरीच वर्षं सुटलं नाही. एकदा विहारात वंदना आटोपल्यावर एक काका मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "पोरी, आपल्या दिलप्याच्या लायसनचं तेवढं बघ की." मी नुकतीच इंजिनिअर झाले होते, आमच्या घरातली पहिलीच. दिलप्याचं लायसन काही मला जमलं नाही, आणि काकांचा माझ्या शिक्षणावरचा विश्वास तेव्हा जो उडाला तो उडालाच.

पुढे पुण्यात मोठ्या कंपन्यांत नोकऱ्या केल्या, थंडगार खोल्यांत बसले, परदेशी साहेबांशी बोलले. पण निवृत्त झाल्यावर कुणी "कामातली मजा सांगा" म्हटलं की मला आठवतं ते नव्वदच्या दशकातलं केडगाव. पुणे रस्त्याच्या कडेला एक गॅरेज आणि त्याच्या माडीवरच्या तीन खोल्या, एवढीच आमची कंपनी. मालक शेखसर आधी पॉलिटेक्निकात शिकवायचे. ती नोकरी सोडून ते दूध संस्थांसाठी इलेक्ट्रॉनिक काटे बनवायला लागले होते. खाली वेल्डिंग सुरू झालं की वर आमच्या काट्यावरचे आकडे थरथरायचे. सर खिडकीतून ओरडायचे, "अरे थांब जरा, वजन चाललंय!" खालून मिस्त्री ओरडायचा, "सर, माझं बी पोट चालाया पायजे की!"

गिऱ्हाइकं एकाहून एक. एका संस्थेनं काट्याची इतकी मनोभावे पूजा केली, की हळदीकुंकवाखाली आकडेच दिसेनात. मग तक्रार आली, 'डिस्प्ले गेला'. मी जाऊन ओल्या फडक्यानं पुसला आणि चहा पिऊन परत आले. एका संस्थेनं थंडीत काट्याला गोधडी पांघरली होती. नगरच्या बाजारातला एक कांद्याचा व्यापारी तर सरांसमोर बसून गोड हसत म्हणाला, "काटा द्या, पन थोडा आपल्या बाजूचा द्या." सर तितकंच गोड हसले. म्हणाले, "शेठ, आमच्याकडे एकच बाजू मिळते. मधली." शेठनी चहा संपवला आणि पुन्हा कधी आले नाहीत.

आता धंदा समजावून सांगते, घाबरू नका. काट्याच्या पोटात एक प्रोसेसर असतो. त्याच्यावर आमची चिमुकली ऑपरेटिंग सिस्टीम चालायची. तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. कर्नल म्हणजे घरचा कारभारी. हा कारभारी वजन, बटणं, प्रिंटर यांना स्वतः हात लावत नाही. प्रत्येकासाठी एक छोटा प्रोग्रॅम नेमलेला असतो, तो ड्रायव्हर. आणि ड्रायव्हरच्या सुरुवातीला हार्डवेअरचं वर्णन लिहावं लागतं: कोणती वस्तू कुठे जोडली आहे, तिला काय लागतं, तिला घड्याळ कोण पुरवतो. यंत्र मुकं असतं. ते कसं आहे हे आपण लिहायचं, आणि कारभारी त्या लिहिण्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो.

घड्याळ म्हणजे काट्यांचं नव्हे. चिपला ठोका देणारा एक स्फटिक असतो, त्याच्या ठोक्यावर सगळं घर चालतं. वजनाचंच घ्या. ताटलीवर दूध ठेवलं की आतून टिकटिक येते. दूध जास्त तर टिकटिक जास्त. घड्याळानं ठरवून दिलेल्या वेळात किती टिकटिक झाली ते प्रोसेसर मोजतो आणि त्याचे लिटर करून दाखवतो. आता घड्याळच जोरात पळालं तर? लपंडावात ज्याच्यावर राज्य असतं तो पोरगा शंभर आकडे भराभर मोजून टाकतो, आणि बाकीच्यांना लपायला वेळच मिळत नाही. तसंच इथे. वेळ लवकर संपते, टिकटिक कमी मोजली जाते, आणि दूध कमी भरतं. एवढं ध्यानात ठेवलंत तर पुढचं सगळं कळेल.

घोडेगावच्या पलीकडे एका गावात आम्ही नव्या बनावटीचा काटा बसवला होता. नवा म्हणजे आकारानं लहान, दिसायला देखणा, सरांचा लाडका. महिना झाला नसेल, संस्थेचे सचिव भानुदास यांचा फोन आला. "म्याडम, काट्याचं काय न्हाई, काटा बेस हाय. पन एक बाई लई भांडती. एकदा येऊन तिला सांगून जा, का काटा खोटं बोलत न्हाई म्हनून."

मी एसटीनं गेले. पत्र्याच्या शेडमध्ये संस्था, दारात शेवग्याचं झाड, आणि झाडाखाली कमरेवर हात ठेवून हौसाबाई. पन्नाशीची, उन्हानं रापलेली, खणखणीत आवाजाची. घोडेगावच्या बाजारातून पारखून आणलेल्या दोन गाई आणि दुसऱ्याच्या कांद्यातली खुरपणी, एवढ्यावर तिचा संसार. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "तूच का ती काट्याची मालकीन?"

"मालकीण नाही हो, मावशी. मी दुरुस्तीला आले."

"मंग कर दुरुस्त. सकाळचं साडेनऊ लिटर दूध घालते मी. ह्यो तुमचा काटा साडेआठ म्हनतो. संध्याकाळी मातुर बराबर दावतो. सकाळी ह्याला काय झोप येती का?"

भानुदासनं मला आत नेऊन हळू आवाजात बाकीचं सांगितलं. सकाळीच दूध कमी भरतं, यावरून गावानं आपला निकाल लावून टाकला होता. औरंगाबाद रस्त्यावरची चहाची हॉटेलं सकाळी उघडतात. बाई येतायेता लिटरभर तिकडे घालते, मग इकडे येऊन काट्याच्या नावानं ओरडते. संस्थेचा नियम असा, की सभासदानं सगळं दूध संस्थेतच घालायचं. येत्या सोमवारी सभासदांसमोर तिचं नाव कमी करायचं ठरलं होतं. नाव कमी झालं असतं तर त्या गाईंचं दूध तिनं कुठे घातलं असतं? आणि दुधापेक्षा मोठी गोष्ट निराळीच होती. त्या संस्थेत एक रीत होती, प्रत्येकाचं माप सचिव मोठ्यानं पुकारायचा, म्हणजे लबाडीला जागा नको. "रामभाऊ, सात!" "सखुबाई, सव्वापाच!" त्यामुळे रोज सकाळी सगळ्या रांगेसमोर "हौसाबाई, साडेआठ!" असा पुकारा व्हायचा आणि मागे कुणीतरी फिसकन हसायचं.

मी वजनं ठेवून काटा तपासला. एकेक करून सगळी वजनं चोख. भानुदास म्हणाला, "बगा, मी म्हनलंच हुतं." बाहेर हौसाबाईनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काहीच न विचारता तोंड फिरवलं. मला ते फार लागलं. माझी आई मोलमजुरी करताना कुणी तिच्यावर संशय घेतला की ती अशीच गप्प व्हायची. मी भानुदासला म्हटलं, "आज मुक्काम करते. सकाळचं संकलन मला डोळ्यांनी बघायचंय."

भानुदासच्या बायकोनं बाजरीची भाकरी आणि ठेचा वाढला. सकाळी मी काट्याशेजारी उभी राहिले. पहिला मान चेअरमनचा. त्यांच्या गोठ्यातून सकाळी सात किटल्या यायच्या. संध्याकाळचं दूध मात्र संस्थेच्याच नावानं टेम्पोनं परस्पर तालुक्याच्या डेअरीत जायचं. सातही किटल्यांची मापं झाली, आणि मग त्यांची एकच लांबलचक पावती छापायला प्रिंटर करकर करत बसला. दुसरा नंबर हौसाबाईचा. तिला खुरपणीला लवकर पोचायचं असायचं, म्हणून बायकांनीच तो तिला देऊन टाकला होता. बाकीचे लोक किटलीचं झाकण काढता काढता पाऊसपाणी, सोयरीक, निवडणूक सगळं बोलून घेत. हौसाबाईचं तसलं काही नाही. प्रिंटर करकरतोय तोवर तिनं ताटलीवरच्या भांड्यात दूध ओतलं, भानुदासनं बटण दाबलं, आकडा उमटला आणि पुकारा झाला, "हौसाबाई, साडेआठ!"

"पुन्हा दाबा," मी म्हणाले.

"न्हाई म्याडम. दोनदा बटन दाबायचं न्हाई, ह्यो हितला नियम हाय. न्हाईतर जो तो म्हनतो, अजून एकदा, अजून एकदा."

"माझ्यासाठी दाबा."

तोवर पावती छापून संपली होती. त्यानं नाखुशीनं बटण दाबलं. साडेनऊ. तेच दूध, तीच ताटली. भानुदास डोळे बारीक करून हौसाबाईकडे बघायला लागला, जणू तिनं पदराखालून काहीतरी केलं. ती कडाडली, "माज्याकडं काय बगतो? त्या डबड्याकडं बग की!"

मी मात्र त्या प्रिंटरकडे बघत होते. मला एकदम इतका आनंद झाला, की मी हौसाबाईचे दोन्ही हात धरले. "मावशी, तुमचं चुकत नाही. तुम्ही फक्त लई चपळ आहात." तिला काय कळलं कोण जाणे, तिनं हात सोडवून घेतले आणि किटली उचलून खुरपणीला निघून गेली.

केडगावला पोचले ती तडक माडीवर. सरांच्या हातात चहाचा कप होता. मी प्रिंटरच्या ड्रायव्हरमधलं वर्णन उघडलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. त्यात लिहिलं होतं: वजनाला घड्याळ पहिलं, प्रिंटरला घड्याळ दुसरं. जुन्या काट्यात ते खरंच होतं, त्यात दोन स्फटिक होते. प्रिंटर छापायला बसला की त्याचा ड्रायव्हर आपलं घड्याळ जोरात पळवायचा, काम झालं की पुन्हा सावकाश करायचा. त्याचं घड्याळ त्याच्यापुरतं, कुणाला तोशीस नाही. नव्या चिपमध्ये मात्र घड्याळ एकच होतं, दोघांच्यात सामाईक. वर्णन जुनंच राहिलं होतं. कारभाऱ्यानं त्यावर विश्वास ठेवला, आणि प्रिंटर बिनधास्त आपलं समजून शेजाऱ्याचंही घड्याळ पळवत होता.

सर ऐकेनात. नवा बोर्ड त्यांचा लाडका ना! त्यांनी त्याच्या वायरिंगचा नकाशा पुढे पसरला. "दोन वायरी स्पष्ट दिसतात या नकाशात," ते म्हणाले.

"सर, वायरी दोन आहेत. पण दोन्ही एकाच स्फटिकाच्या डबीतून निघतात."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. नकाशावर बोट ठेवून दोन्ही रेघा उलट्या मागे नेल्या. दोन्ही रेघा एकाच ठिकाणी येऊन थांबल्या तशी सरांचं बोटही थांबलं. मी म्हटलं, "चूल एक आणि जावा दोन, असं झालंय. एकीनं भाकरी टाकलीय, दुसरी चहासाठी जाळ वाढवतेय. भाकरी करपणार नाही तर काय? आणि आपण कागदावर मात्र वेगळ्या चुली मांडून मोकळे!"

सर इतके मोठ्यानं हसले, की खालून मिस्त्रीनं विचारलं, "सर, काय लॉटरी लागली का?" सर म्हणाले, "लागली रे बाबा! चूक सापडली!" ही आमच्या धंद्यातली गंमत बाहेरच्यांना कळत नाही. चूक कुणाची, हा प्रश्न नंतर. सापडली, याचा आनंद आधी.

मग बसलो दोघं. आधी वर्णन खरं केलं: घड्याळ एक, वापरणारे दोन. तेवढ्यानं भागत नाही. सामाईक गोष्ट आली की तिच्याबरोबर रीत लिहावी लागते. म्हणून रीत लिहिली: ज्याला घड्याळाचा वेग बदलायचा आहे त्यानं स्वतः हात लावायचा नाही, कारभाऱ्याला विचारायचं. दुसरा कुणी त्याच घड्याळावर काम करत असेल तर कारभारी म्हणणार, थांब. वजनाला डोळ्याची पापणी लवण्याइतकाच वेळ लागतो. प्रिंटरचं तेवढं थांबल्यानं काही बिघडत नाही. आणि प्रिंटर छापत असताना दूध आलं, तर प्रिंटरनं ओळ संपवून आधी वाट द्यायची. सरांनी वाचून पाहिलं आणि म्हणाले, "घराघरात एवढं पाळलं तरी पुष्कळ झालं."

हे सगळं एका कोऱ्या चिपमध्ये भरलं. तिच्या काचेच्या खिडकीला ऊन लागलं तर लिहिलेलं पुसलं जातं, म्हणून वर काळी पट्टी चिकटवली आणि सरांच्या घरच्या शेंगदाण्याच्या चटणीच्या डब्यात ठेवली. सोमवारी पहाटे सरांच्या स्कूटरवर निघालो. पुढे सर, मागे मी, माझ्या मांडीवर डबा. इमामपूरचा घाट चढताना स्कूटर धापा टाकत होती आणि सर जोरात गाणं म्हणत होते. सूर त्यांच्या वाटेला कधी गेला नव्हता, पण मला त्या दिवशी सगळंच गोड लागत होतं.

शेडपुढे सगळे सभासद जमले होते. हौसाबाई शेवग्याखाली एकटी उभी होती, किटली पायाशी. चेअरमन बोलायला तोंड उघडणार तोच सर म्हणाले, "साहेब, आधी माझी एक विनंती. आज हौसाबाईच्या नंबरावर तुम्ही या. दूध तुमचं, पण माप पावती छापत असताना."

कुणाला काही कळेना. चेअरमनच्या भरलेल्या किटलीतलं दूध आधी प्रिंटर गप्प असताना मोजलं: वीस लिटर. मग ते ताटलीवर तसंच ठेवून मी आदल्या दिवशीची लांब पावती पुन्हा छापायला लावली. प्रिंटर करकरायला लागला. भानुदासनं बटण दाबलं, आकडा बघितला आणि फडक्यानं पुसून पुन्हा बघितला.

"पुकार की," सर म्हणाले.

"चेअरमनसाहेब... अठरा."

प्रिंटर अजून करकरतच होता. मग शेवग्याखालून तो खणखणीत आवाज आला, "अगं बया! साहेब, तुमचं बी हाटेलात गेलं म्हनायचं का?"

जो हशा उसळला, तो मी आजवर कुठल्याच सभेत ऐकला नाही. चेअरमनही दिलदार निघाले. टोपी काढून डोकं खाजवत म्हणाले, "हौसाबाई, दोन लिटर गेलं बग माझं. तुज्याहून मोठा चोर निघालो मी." सरांनी उभं राहून सगळ्यांना सांगितलं, की चूक काट्याची आहे, काट्यात ती आमच्याकडून गेली आहे, आणि या बाईंची मी हात जोडून माफी मागतो. त्यांनी खरंच हात जोडले. हौसाबाईनं पदर सावरला. म्हणाली, "तुमी कशाला हात जोडता, साहेब? हसनारी तोंडं निराळीच हुती." रांगेतली दोनचार तोंडं खाली गेली.

पुढे माझ्या हातून कितीतरी मोठी यंत्रं गेली. एका घड्याळावर दोन नव्हे, वीस वीस जण जेवायला बसलेले. प्रत्येक ठिकाणी मी पोरांना आधी वर्णन तपासायला लावलं आणि मग एक परीक्षा घ्यायला लावली: सगळ्यांत लांब काम चालू असताना सगळ्यांत चपळ माणूस आला तर काय होतं? या परीक्षेचं नाव आमच्याकडे 'हौसाबाई' असंच पडलं. पुण्यातल्या त्या चकचकीत इमारतीत बंगळुरूची, चेन्नईची पोरं गंभीर चेहऱ्यानं विचारायची, "मॅडम, हौसाबाई पास झाली का?" केडगावची माडी पुढे बंद झाली, सरही गेले. ते शब्द त्यांच्या कानावर पडायला हवे होते, एवढी हळहळ मात्र राहून गेली.

पण मला सांगायची आहे ती त्या सोमवारचीच गोष्ट. चटणीच्या डब्यातून चिप काढून मी काट्यात बसवली. चेअरमनच्या सात किटल्या झाल्या, त्यांची लांब पावती करकरायला लागली. हौसाबाई पुढे आली. त्या दिवशी तिला घाई नसली तरी चाललं असतं. खुरपणीची वेळ तर कधीच टळून गेली होती. तरी तिनं रोजच्यासारखंच झटक्यात दूध ओतलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. भानुदासनं बटण दाबलं. प्रिंटर पापणी लवण्यापुरता थबकला, आणि पुन्हा चालू लागला.

"हौसाबाई, साडेनऊ!"

ती जागची हलली नाही. डोळे भरले होते, पण आवाज तसाच खणखणीत.

"पुन्हा म्हन."

भानुदासनं माझ्याकडे बघितलं, चेअरमनकडे बघितलं. नियम म्हणजे नियम. मग त्यानं काट्यावरचा हात काढला, छाती भरून श्वास घेतला आणि पार रस्त्यापर्यंत जाईल असा पुकारा केला, "हौसाबाई, साडेनऊ!"

"आता कसं," ती म्हणाली, आणि मागच्याकडे वळून ओरडली, "चल रं रामभाऊ, वत लवकर. समद्यांचा खोळंबा करतो नुस्ता."